देवळात माणसं जमतात, मग गल्लीत पाणी का तुंबतं?

नदीकाठची

अकरा वर्षं झाली, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत राहते. एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. मागच्या महिन्यात एका दुपारी असा पाऊस कोसळला की खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्यांची चाकं दिसेनाशी झाली. घरी कशी जाणार या विचारानं माझा जीव खालीवर होत होता. शेजारच्या टेबलावरची सहकारी, पन्नाशीची, मेक्सिकन वंशाची, शांतपणे रक्ताच्या नळ्यांवर लेबलं चिकटवत म्हणाली, "आमच्या गल्लीत आता पाणी भरत नाही. माझ्या आईनं थांबवलं ते."

मला वाटलं, काहीतरी नवस वगैरे असेल. तसं नव्हतं. आई तिच्या चर्चच्या जत्रेत तमाले विकायची आणि गल्ल्याचा हिशेब ठेवायची. त्याच बाईनं पालिकेच्या सभागृहात उभं राहून आयुक्ताला जाब विचारला होता. तेव्हापासून मी या विषयाच्या मागेच लागले आहे. थोडं लांबेल, पण लिहिते.

सॅन अँटोनियोचा पश्चिम भाग म्हणजे गरीब मेक्सिकन-अमेरिकन वस्ती. अलाझान आणि अपाची असे दोन ओढे तिथून वाहतात. पावसाळी गटारं जवळजवळ नव्हतीच. पाऊस आला की घरात गुडघाभर पाणी, मुलं चिखल तुडवत शाळेत, आणि अधूनमधून कुणीतरी वाहून गेल्याची बातमी. शहराच्या उत्तरेला मात्र नवे रस्ते आणि नव्या वसाहती उठत होत्या.

१९७३-७४च्या सुमारास एर्नेस्टो कोर्तेस नावाचा इथलाच एक तरुण शिकागोहून परत आला. सॉल अलिन्स्कीनं १९४० साली काढलेल्या इंडस्ट्रियल एरियाज फाउंडेशनमध्ये तो संघटना बांधायचं शिकला होता. आल्या आल्या त्यानं मोर्चा काढला नाही की पत्रकही छापलं नाही. तो पाद्र्यांना भेटला आणि एकच प्रश्न विचारला: तुमच्या चर्चमध्ये कुणाचा शब्द चालतो? म्हणजे भाषण ठोकणारा नको. जत्रेचा स्वयंपाक कोण सांभाळतं, पालक सभेला बायकांना कोण गोळा करतं, कुणाच्या घरी मयत झालं तर आधी कोण पोचतं, असली माणसं. मग त्यांच्या स्वयंपाकघरात बसून शेकड्यांनी गप्पा मारल्या. पोलिसांची दांडगाई, नोकरीतला भेदभाव असं मोठं काहीतरी लोक बोलतील अशी त्याची अटकळ होती. लोक बोलले ते गटाराबद्दल.

त्यातून १९७४ मध्ये 'कम्युनिटीज ऑर्गनाइज्ड फॉर पब्लिक सर्व्हिस', थोडक्यात कॉप्स, उभी राहिली. सभासद व्यक्ती नव्हेत, चर्च. प्रत्येक चर्चनं दरवर्षी आपली वर्गणी भरायची. सरकारी पैसा घ्यायचा नाही आणि कुठल्याही उमेदवाराला पाठिंबा द्यायचा नाही. पहिला अध्यक्ष आंद्रेस साराबिया, हवाई दलाच्या केली तळावर नोकरी करणारा साधा माणूस.

त्याच ऑगस्टमध्ये पूर आला आणि ही मंडळी शेकड्यांनी पालिकेच्या सभेत जाऊन बसली. हात हलवत नाही, कागद घेऊन. पालिकेच्याच जुन्या दप्तरात त्यांना सापडलं होतं की त्यांच्या भागातलं एक गटार १९४५ सालीच मंजूर झालेलं आहे. एकोणतीस वर्षं! लोक मेले, मुलं मोठी झाली, त्यांना मुलं झाली, आणि गटार कागदावरच. त्या नोव्हेंबरात साडेचार कोटी डॉलरहून मोठं कर्जरोख्यांचं पॅकेज मंजूर झालं आणि पश्चिम भागातली गटारं खोदायला घेतली.

मला सगळ्यात आवडलेला प्रसंग पुढच्या वर्षीचा आहे. शहराचं अंदाजपत्रक खरं कोण ठरवतं, तर व्यापारी आणि बँकवाले, हे एव्हाना यांच्या लक्षात आलं होतं. ते भेट देईनात. मग एक दिवस शेकडो बायका शहरातल्या सगळ्यात भारी कपड्यांच्या दुकानात गेल्या आणि कोट घालून बघू लागल्या. हा बघू, तो बघू, याच्यात निळा आहे का? विकत काहीच नाही. दुसऱ्या दिवशी बँकेत रांग लागली. प्रत्येकीनं नोट देऊन सुटी नाणी घ्यायची, मागच्या खिडकीवर जाऊन नाणी देऊन नोट घ्यायची, परत रांगेत. कायदा कुठे मोडलाय? आरडाओरडा नाही, घोषणा नाहीत. नेहमीचं गिऱ्हाईक आत शिरू शकेना. त्यानंतर बँकवाल्यांना भेटायला वेळ मिळाला.

प्रश्न असा आहे. आमच्या इथल्या देवळात दर महिन्याला आम्ही अन्नाची पाकिटं करतो आणि त्याच पश्चिम भागात वाटून येतो. मीही पुऱ्या लाटते. त्यात वाईट काही नाही. पण आमच्या दीडशे माणसांच्या त्या गटात कधी कुणी विचारलं नाही की पाकीट दर महिन्याला का लागतं. आपल्याकडे देवळं आहेत, भजनी मंडळं आहेत, वारी आहे, सप्ते आहेत. माणसं जमवायची कला आपल्याला कुणी शिकवायला नको. जमलेल्या माणसांनी कधी हिशेब मागितल्याचं तुम्हाला कुठे आठवतंय का?

आजोबा_१९५२

छान लिहिलंय. मुंबईत पन्नास वर्षं काढली, त्यामुळे स्वाध्याय परिवाराचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. पांडुरंगशास्त्री आठवले (जन्म रोह्याचा, १९२०) यांना मी माधवबागेत ऐकलं आहे. योगेश्वर कृषी ही कल्पना बघा. गावानं मिळून एक शेत घ्यायचं, प्रत्येक घरानं वर्षातले ठरावीक दिवस तिथे 'पुजारी' म्हणून राबायचं. पीक कुणाच्याच मालकीचं नाही, देवाचं. त्याला ते अपौरुषेय लक्ष्मी म्हणत. अडलेल्या घरी त्यातलं धान्य प्रसाद म्हणून जायचं, तेही शेजाऱ्याला कळणार नाही असं. घेणाऱ्याची मान खाली जात नसे. कोळ्यांमध्ये हेच 'मत्स्यगंधा' नावाच्या बोटींवर झालं. १९९६ला मॅगसेसे आणि १९९७ला टेम्पलटन मिळालं ते उगाच नाही.

नदीकाठची

@आजोबा, प्रसाद म्हणून धान्य जाणं ही कल्पना फार सुंदर आहे. आमच्या पाकिटांवर तर देणगीदाराच्या दुकानाचा लोगो असतो!

एक मात्र विचारते, गैरसमज नसावा. स्वाध्यायात सरकारदरबारी काही मागण्याचा भाग होता का?

आजोबा_१९५२

नव्हता. दादांचा, म्हणजे आठवल्यांचा, त्याला मुळातच विरोध होता. मागणारा माणूस लाचार होतो असं ते सांगत. माणूस आतून बदलला की गाव बदलतं, ही त्यांची वाट.

हमालपुत्र

इथेच माझी गाडी अडते. आतून बदललेल्या माणसाच्या घरात पाणी शिरायचं थांबत नाही.

माझे वडील पुण्यात भुसार बाजारात पाठीवर पोती वाहायचे. हमाल पंचायत १९५६ची, बाबा आढावांनी उभी केलेली. देवाचं नावसुद्धा न घेता. १९६९चा माथाडी कायदा आला तो संघटित हमालांच्या रेट्यानं. आणि गंमत बघा, तुमच्या कॉप्सचं जन्मवर्ष १९७४, त्याच वर्षी पंचायतीनं 'कष्टाची भाकर' सुरू केली. झुणका-भाकर खाऊन वडील दुपारच्या पाळीला जायचे. ती भाकर फुकट नव्हती, परवडणारी होती. आई म्हणायची, फुकट असती तर हे गेलेच नसते.

सांगायचं काय, तर धर्म मध्ये आणायची गरज काय? कीर्तनात माणूस रडून मोकळा होतो आणि सोमवारी परत त्याच मुकादमापुढे उभा राहतो.

नदीकाठची

@हमालपुत्र, कायद्याचं आणि भाकरीचं दोन्ही मान्य. पण हमाल एका बाजारात, एका मालापाशी, एका वेळी असतात. त्यांची युनियन होऊ शकते. पश्चिम भागातल्या बाईचं काय? ती कुणाच्या तरी घरी भांडी घासते, नवरा दुसऱ्याच टोकाला. सगळे एका ठिकाणी येतात ते फक्त रविवारी. कोर्तेस चर्चमध्ये गेला त्यात भाविकतेइतकाच हा व्यवहार होता. माणसं तिथे होती, एकमेकांना ओळखत होती, आणि वर्गणी द्यायची सवय त्यांना आधीच होती.

अलिन्स्की तर धार्मिकही नव्हता. ज्यू घरातला, अज्ञेयवादी. १९३९ साली शिकागोच्या कत्तलखान्यामागच्या वस्तीत त्यानं पहिली संघटना बांधली ती कॅथलिक चर्च धरूनच, कारण वस्तीत दुसरं काही टिकून नव्हतं.

वाडवळ

वसईहून लिहितोय. धागा वाचून हात शिवशिवले.

आमच्याकडे बेसिन कॅथलिक बँक आहे. आज मोठी सहकारी बँक, पण सुरुवात १९१८ची, पापडीत, मोन्सेन्यॉर पी. जे. मोनीस यांनी केलेली पतपेढी. कारण एकच, सावकार. केळी-पानवेलीची वाडी गहाण पडली की पुढच्या पिढीत गेलीच म्हणून समजा. चर्चमध्ये माणसं एकमेकांना ओळखून होती. कोण बुडवणार आणि कोण पोटाला चिमटा काढून फेडणार हे फादरला पाठ! तारणाची अर्धी कामगिरी त्या ओळखीनंच केली असेल.

नंतरचं म्हणाल तर हरित वसई. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बिल्डरलोक आणि टँकरवाले विहिरी कोरड्या करत होते, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो झग्यासकट रस्त्यावर उतरले. (होय, तेच, २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष.) त्यात फक्त ख्रिस्ती नव्हते, आगरी होते, हिंदू वाडवळ होते. पाणी सगळ्यांच्याच विहिरीचं जात होतं.

अवांतर: मराठी बायबलात नहेम्याचं पुस्तक आहे. यरुशलेमचा कोट पडलेला असतो. नहेम्या काय करतो, तर ज्याच्या त्याच्या घरासमोरचा तुकडा त्याला बांधायला देतो. आणि पाचव्या अध्यायात सावकारांना भर सभेत झापतो, शेतं परत करा म्हणून. न्यूयॉर्कच्या ईस्ट ब्रुकलिनमध्ये चर्चवाल्यांनी ऐंशीच्या दशकात गरिबांसाठी मालकीची घरं बांधली, त्यांना नाव दिलं नहेम्या घरं. त्यांची संघटनाही कॉप्सच्याच कुळातली.

लंडनस्थ

तेच कूळ इकडेही आलंय. पूर्व लंडनमध्ये १९९६ला 'टेल्को' नावाची संघटना निघाली. चर्च, मशिदी, शाळा आणि काही युनियन एकाच छत्राखाली. २००१ पासून त्यांनी जगण्यापुरत्या पगाराची, म्हणजे लिव्हिंग वेजची मोहीम धरली. मागणी कुठून आली? आईबाप चर्चमध्ये म्हणाले, आम्हाला दोन-दोन नोकऱ्या कराव्या लागतात, मुलांना बघायला वेळच नाही. रुग्णालयांतले आणि बड्या बँकांतले सफाईवाले ते. त्यांच्यातल्या एका रात्रपाळीच्या सफाई कामगारानं बँकेच्या भागधारकांच्या सभेत उठून खुद्द अध्यक्षांना सांगितलं होतं की तुमचं ऑफिस मी झाडतो, माझ्या पगारात घर चालत नाही.

मी तीन-चार सभांना गेलोय. सभा मिनिटावर चालते. नेत्याला बोलायला तीन मिनिटं, मग प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. "आम्ही सकारात्मक विचार करू" म्हटलं की सूत्रसंचालन करणारी बाई, बहुधा एखादी शाळेतली आया, पुन्हा विचारते: हो की नाही? एका बड्या माणसाला घाम पुसताना मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि मागे मोठ्या फळ्यावर सगळ्यांसमोर खूण होते. आपल्याकडे शाल-श्रीफळ देऊन बसवतात, तसलं नाही.

दुष्काळी_नगरकर

शाल-श्रीफळ 😀

आमच्याकडचं फादर बाखरांचं काम कुणी घेतलं नाही अजून. हर्मन बाखर, स्वित्झर्लंडचे जेझुइट, हयात नगर जिल्ह्यात गेली. पाणलोट म्हटलं की त्यांचं नाव. १९९३मध्ये फादर क्रिस्पिनो लोबोंबरोबर त्यांनी 'वॉटर' संस्था काढली. बांध-बंधारे सगळेच घालतात. यांची अट आधी असायची: गावानं श्रमदान करून दाखवायचं, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, मग पैशाची गोष्ट. चराईबंदी म्हणजे काय हे शेरडं राखणाऱ्याला विचारा! भांडणं झालीच. मामा सांगायचे, ग्रामसभा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चालायची. पण भांडण सभेत झालं ते बरं झालं, नंतर बांध फुटले नाहीत. फादरनी कुणाला बाप्तिस्मा घ्या म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही.

निळाई

इतका वेळ वाचत होते. आता बोलते.

तुम्ही सगळे म्हणताय देवळात माणसं जमतात. कुठली? मी वाढले त्या गावात मारुतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर माझी आजी कधी बसली नाही. आमचं विहार गावाच्या खालच्या अंगाला. त्यांचा सप्ता वेगळा, आमची जयंती वेगळी. पंढरपुरात विठोबाच्या दारात चोखोबाची समाधी आहे, पण दारात. साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात तिथे प्राणांतिक उपोषण करावं लागलं तेव्हा दार उघडलं. अमेरिकेतल्या त्या बाया एका जातीच्या म्हणा किंवा एका वंशाच्या होत्या. आपल्याकडे गरिबी आणि देऊळ एका आळीत नसतात. देवळातून संघटना बांधली तर ती देवळात जाणाऱ्यांचीच होणार.

गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ला बाबासाहेबांच्या संस्थेला दिली. त्या माणसाला कळलं होतं की धर्मशाळेतून पुढे शाळेकडे जायचं असतं.

नदीकाठची

@निळाई, याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. एवढंच सांगू शकते की शिकागोच्या त्या वस्तीतही पोलिश चर्च वेगळं, लिथुआनियन वेगळं, आयरिश वेगळं होतं. पंथ एकच, पण एकमेकांच्या दारात जायचे नाहीत. सॅन अँटोनियोतही कॉप्स सुरुवातीला बरीचशी एकाच समाजाची होती. पूर्व भागातल्या कृष्णवर्णीयांची चर्च आणि इतर पंथ यांना धरून 'मेट्रो अलायन्स' ही जोडसंघटना नंतर झाली. म्हणजे वेगळ्या देवळांना एकत्र बसवणं हेच यांचं काम होतं. पण तिथे शिवाशिव नव्हती हे खरं. तुलना लंगडी आहे, मान्य.

निळाई

लंगडी आहे एवढं म्हणालात, पुरे. पुढे लिहा. त्या तुमच्या सहकारीचं काय?

नदीकाठची

हो, ते राहिलंच.

१९९०च्या जानेवारीत इथला लेव्हायसचा कपड्यांचा कारखाना बंद झाला. हजाराहून जास्त माणसं घरी बसली, बहुतेक बायकाच. वीस-वीस वर्षं खिसे शिवलेल्या. शिलाईचं काम देशाबाहेर गेलं आणि इथे उरलेल्या चांगल्या नोकऱ्यांना कागद लागत होते. कॉप्स आणि मेट्रो अलायन्सनं पुन्हा घरबैठका घेतल्या. बायका म्हणाल्या, सरकारी प्रशिक्षण आम्ही केलंय, प्रमाणपत्रं भिंतीवर आहेत, नोकरी नाही. तेव्हा यांनी उलटीकडून सुरुवात केली. आधी रुग्णालयं आणि कंपन्यांकडून वदवून घेतलं की तुम्हाला माणसं कसली हवीत, किती हवीत, पगार किती देणार. त्यानंतर 'प्रोजेक्ट क्वेस्ट' सुरू झाला. कॉलेजात दीड-दोन वर्षांचं शिक्षण, फी भरायला मदत, गाडी बंद पडली तर बसचा पास, आणि दर आठवड्याला समुपदेशकाबरोबर सक्तीची बैठक. बाई गळते ती गणितामुळे नाही, मूल आजारी पडलं म्हणून गळते, हे त्यांना ठाऊक होतं.

यावर चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून अभ्यास झालाय. सहाव्या वर्षी क्वेस्टमधून गेलेल्यांची कमाई दुसऱ्या गटापेक्षा वर्षाला सुमारे ५,००० डॉलरनं जास्त होती. असल्या अभ्यासात बरेचदा फरक काही वर्षांत विरून जातो.

माझी सहकारी क्वेस्टमधूनच शिकली. तिची आई आता नव्वदीला टेकली आहे. मला घरी नेलं होतं. मी भाबडेपणानं विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? म्हातारी म्हणाली, पहिल्यांदा बोलायला उभी राहिले तेव्हा कागद इतका थरथरत होता की शेजारणीनं खालून धरला. सभेआधी चर्चच्या तळघरात चार वेळा तालीम झाली होती. पाद्री आयुक्त झाले होते आणि बायकांना मुद्दाम त्रास देत होते. या तालमीचं मला भारी वाटतं. आपण नाटकाला तालीम करतो, निवेदन द्यायला जाताना करत नाही.

त्यांच्यात एक नियम आहे, त्याला ते लोखंडी नियम म्हणतात. माणसाला जे स्वतःला करता येतं ते त्याच्यासाठी तुम्ही कधीही करायचं नाही. म्हणून पाद्री भाषण करत नाही, संघटकही करत नाही.

टाळ_चिपळी

नमस्कार. मी इथे नुसती वाचक. पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

तालुक्याच्या गावी आमचं भजनी मंडळ आहे. बावीस जणी. एकादशीला भजन, महाप्रसाद, शिल्लक चौदा हजार. आमच्या आळीच्या तोंडाला पावसाळ्यात गटार तुंबतं. धागा वाचून वाटलं आपणही करावं. आधी नगरसेवकाकडे जाऊ का नगरपरिषदेत?

नदीकाठची

ताई, दोन्हीकडे नको इतक्यात. आधी प्रत्येकीच्या घरी जा. दोघी-दोघी. गटाराचं नाव तुम्ही काढू नका. कशानं जीव मेटाकुटीला येतो एवढं विचारा आणि वहीत तिच्याच शब्दांत लिहा.

निळाई

एक विचारू? बावीस जणींत खालच्या आळीतल्या किती?

टाळ_चिपळी

एकही नाही. कधी ध्यानातच आलं नाही.

टाळ_चिपळी (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढते.

एकोणीस घरं झाली. गटार फक्त तिघी म्हणाल्या, त्यातली एक मी! बाकी सगळ्या म्हणाल्या, पाणी. नळाला पाणी रात्री अडीचला येतं, पाऊण तास. बाई उठणार, हंडे-पिंपं भरणार, चारला पाठ टेकणार, पाचला परत उठणार. एकीची सून म्हणाली, लग्नाला चार वर्षं झाली, सलग झोप माहेरी गेल्यावरच. एकीची पोर दहावीला, ती वर्गात पेंगते म्हणून बाईंनी चिठ्ठी पाठवली. मीही अडीचलाच उठते, आणि मला हे सांगावंसं वाटलं नव्हतं. सवयच झाली.

पाणी विभागात गेलो. चौदा जणी. साहेब मीटिंगला आहेत म्हणाले. बसलो. तासाभरानं एकीनं हरिपाठ धरला, टाळ पिशवीत होतेच. दुसऱ्या अभंगाला साहेब बाहेर आले. तालमीप्रमाणे मी एकच विचारलं, पाणी पहाटे साडेपाचला सोडणार का, हो का नाही? ते म्हणाले बघतो. शेजारणीनं विचारलं, हो का नाही? चार वेळा झालं. मग म्हणाले पाच तारखेपासून. भजनाच्या वहीत तारीख लिहिली आणि त्यांची सही घेतली. पांडुरंगाष्टकाच्या मागच्या पानावर आहे.

लंडनस्थ

हरिपाठ! उभा राहून टाळ्या वाजवल्या इथे.

हमालपुत्र

मी वर जे लिहिलं ते अर्धं मागे घेतो. अर्धंच.

वाडवळ

ताई, त्या पानाचा फोटो काढून ठेवा. वही हरवते.

आजोबा_१९५२

पाच तारखेला कळवा.

टाळ_चिपळी (नऊ तारीख)

पाणी आलं. पाच तारखेपासून रोज साडेपाचला. पेढे वाटले.

काल वॉलमन भेटला. त्याला म्हटलं, देवासारखे धावलात. तो हसला. म्हणाला, ताई, टाकी एकच, लाइन एकच. तुम्हाला साडेपाच दिलं म्हणजे खालच्या आळीचं साडेपाच काढलं. त्यांना आता अडीच.

रात्री मंडळाची बैठक घेतली. निम्म्या म्हणतात, आपलं झालं ना, आता कशाला उकरून काढायचं. एक म्हणाली, त्यांनीही जावं की नगरपरिषदेत, आपण काय नको म्हणतोय? मला उत्तर सुचेना. तिघी तयार आहेत. उद्या संध्याकाळी विहारात जातोय. @निळाई, तुम्ही असाल तर सांगा, तिथे जाऊन आम्ही बोलायचं काय?

निळाई

काही बोलू नका. काय झालं ते खरं सांगा आणि गप्प बसा. त्या चिडतील, ऐकून घ्या. वही न्या, पण उघडायची घाई करू नका. दुसरी टाकी का नाही, ती कधी मंजूर झालीय का, हे विचारायला त्याच कदाचित तुमच्या आधी उठतील.

आणि चहा आणला तर प्या. चौघींनीही.